वडिलांसाठी माणूस निवडताना चेहऱ्याचं किती ऐकायचं?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश : वडील ७८ वर्षांचे आहेत. काही महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू अधू झाली. समजतं सगळं, बोलता मात्र मोजकंच येतं. घरातले दोघंही नोकरी करतात, त्यामुळे दिवसभर वडिलांजवळ थांबणारं माणूस हवं आहे. दोन बाई भेटून गेल्या. पहिल्या गोल चेहऱ्याच्या, हसतमुख, बोलक्या. 'काही काळजी करू नका' म्हणाल्या. आधीच्या घरचा नंबर मात्र त्यांच्याकडे नव्हता, फोन बदलताना गेला असं सांगितलं. दुसऱ्या बाईंना अशा पेशंटचा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी दोन घरांचे नंबर दिले, औषधं कोणती चालू आहेत आणि बाबा शेवटचे कधी पडले होते हे विचारलं. पण 'कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत ओलावा नाही. फोनवर फोटो आला तेव्हाच मन मागे सरलं. बाबा हॉस्पिटलमध्ये असताना एक परिचारिका त्यांच्यावर खेकसायची, तिचाच चेहरा आठवला.' पती म्हणतात, 'मी माणसं चेहऱ्यावरून ओळखतो, आजवर चुकलो नाही. पहिल्यांनाच ठेवू.' भगिनी विचारतात : 'डोकं दुसऱ्या बाईंकडे जातं, मन पहिल्यांकडे. बाबांना काही झालं तर ते सांगूही शकणार नाहीत. अशा वेळी आतल्या आवाजाचं ऐकू नये का?'

उत्तर :

तुमची भीती खरी आहे. ज्या माणसाला तक्रार करता येत नाही त्याला दिवसभर अनोळखी हातांत सोपवणं कुठल्याच लेकीला सोपं जाणार नाही. त्यामुळे 'चेहऱ्यावर काय जाता, पूर्वग्रह काढून टाका' असं मी म्हणणार नाही. तसं ठरवून करता येत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले. तेवढ्या वेळातही हा माणूस विश्वासाचा वाटतो की नाही, याबद्दल लोकांचं मत झालेलं होतं, आणि सावकाश चेहरा पाहणाऱ्यांच्या मताशी ते बऱ्यापैकी जुळत होतं. पाहायला जास्त वेळ दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही. वाढली ती मुख्यतः त्या मताबद्दलची खात्री.

हे शेवटचं तुमच्या कामाचं आहे. तुम्ही आधी फोटो पाहिलात, मग प्रत्यक्ष भेटलात, मग घरात चर्चा झाली, आणि दर टप्प्यावर दुसऱ्या बाईंबद्दलची नकोशी भावना घट्ट होत गेली. या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्याबद्दल नवीन काय कळलं? तुमच्या पत्रावरून सांगायचं तर जे कळलं ते सगळं त्यांच्या बाजूचं होतं.

मग मन मागे का सरलं? टोडोरोव्ह यांनीच निकोलास ऊस्टरहॉफ यांच्याबरोबर २००८ मध्ये संगणकावर चेहरे घडवून पाहिले. भावशून्य चेहरा 'विश्वासू दिसण्याच्या' दिशेने हळूहळू बदलत नेला की शेवटी तो हसायला लागतो. उलट दिशेने नेला की रागावतो. म्हणजे शांत, काहीच व्यक्त न करणाऱ्या चेहऱ्यातही आपण हसण्याच्या किंवा रागाच्या खुणा शोधत असतो. कुणाच्या ओठांचे कोपरे मुळातच जरा वर वळलेले असतात, कुणाचे खाली. कुणाच्या भुवया नाकाकडे झुकलेल्या असतात. ती नुसती ठेवण आहे. आपण त्या ठेवणीला मनःस्थिती समजतो, आणि लगोलग त्या मनःस्थितीला स्वभाव. गोल चेहरा, मोठे डोळे, लहान हनुवटी अशी बाळासारखी ठेवण असलेल्या मोठ्या माणसांबद्दलही हेच होतं. ती भोळी, प्रेमळ, प्रामाणिक वाटतात, हे लेस्ली झेब्रोविट्झ यांनी वर्षानुवर्षं अभ्यासून दाखवलं आहे. पहिल्या बाईंचं तुमचं वर्णन मी वाचलं तेव्हा हेच आठवलं.

आठ्यांबद्दल एक वेगळी गोष्ट. माणूस लक्ष देऊन काही समजून घेत असतो तेव्हाही भुवया आकसतात आणि कपाळावर आठ्या पडतात. दुसऱ्या बाई त्या वेळी काय करत होत्या? बाबांची औषधं विचारत होत्या. त्या आठ्या रागाच्या होत्या की विचाराच्या, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण तुम्हीही ते गृहीत धरू नये असं मला मनापासून वाटतं.

आता त्या परिचारिकेकडे येऊ. तुम्ही ती गोष्ट ओघात लिहून टाकली आहे, मला ती पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. ओरिएल फेल्डमनहॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोक आधी काही अनोळखी माणसांबरोबर पैशांचा खेळ खेळले. विश्वासाने दिलेल्या पैशांतला वाटा कुणी इमानाने परत करायचं, कुणी सगळे स्वतःकडे ठेवायचं. नंतर नवे जोडीदार निवडायला सांगितलं. या नव्या चेहऱ्यांत आधीच्या खेळाडूंचे चेहरे कमी-अधिक मिसळलेले होते. ज्याने दगा दिला त्याच्याशी जेवढं साम्य जास्त, तेवढा नव्या माणसावर विश्वास कमी. थोडंसं साम्यही पुरेसं ठरलं. पोळलेल्या मनाचं हे संरक्षण आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण हॉस्पिटलमधल्या त्या बाईंनी बाबांना जे ऐकवलं त्याची शिक्षा तिसऱ्याच कुणाला होतेय, आणि तिच्याबरोबर बाबांनाही, कारण त्यांच्या वाट्याची चांगली देखभाल कदाचित दारातूनच परत जाईल. हे साम्य तुम्हाला स्वतःला ओळखता आलं, ही मोठी जमेची बाजू आहे. ती आठवण दाबू नका. तिचा प्रश्न करा. दोन्ही बाईंना सारखाच विचारा : 'पेशंटने तिसऱ्यांदा पाणी सांडलं, ऐकत नाही, हात झटकतो, असं झालं तेव्हा तुम्ही काय केलं होतं? एखादा प्रसंग सांगा.' खेकसण्याची जी भीती तुम्हाला वाटते, तिचं उत्तर चेहऱ्यापेक्षा या प्रश्नातून लवकर मिळेल.

तुम्ही विचारलंत, आतल्या आवाजाचं ऐकू नये का. ऐकावं. फक्त तो आवाज कशावरून उठला हे आधी विचारावं. एखादी व्यक्ती बाबांना हात लावताना धसमुसळेपणा करते, ते समोर असताना त्यांच्याबद्दल 'यांना काही कळतं का?' असं विचारते, साध्या प्रश्नाला बगल देते, आणि त्यामुळे पोटात काही हलतं, तर तो आवाज वागणुकीवर उठलेला आहे. नेमकं काय खटकलं हे सांगता आलं नाही तरी तो मानावा आणि नम्रपणे नकार द्यावा. पण आवाज जर ओठांच्या ठेवणीवर, डोळ्यांच्या आकारावर, एखाद्या फोटोवर उठला असेल, तर तो त्या व्यक्तीबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही वेळी पोटात अगदी सारखंच वाटतं, हीच अडचण आहे. म्हणून एक कागद घ्या आणि प्रत्येक बाईंसाठी एवढंच लिहा : त्यांनी काय केलं, काय म्हणाल्या, काय विचारलं. कशा दिसत होत्या हे लिहायचं नाही. तुमच्या पत्रातूनच मी हा कागद भरून पाहिला. दुसऱ्या बाईंच्या नावावर औषधांची चौकशी, पडल्याची चौकशी, दोन नंबर. पहिल्यांच्या नावावर 'काही काळजी करू नका' आणि न सापडणारा नंबर.

लगेच पुढचं म्हणतो, कारण इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका आहे. हसरा चेहरा म्हणजे लबाडी, असं उलटं गणित मांडू नका. ती तीच चूक आहे. फोन बदलताना नंबर जातात. पहिल्या बाईंना पुन्हा संधी द्या. नंबर नसेल तर त्या घराचा पत्ता, तिथल्या पेशंटचे डॉक्टर, त्यांना काम मिळवून देणारी एजन्सी, यांपैकी काहीतरी मिळवता येतंच. मिळवून दिलं तर चांगलंच. वारंवार विचारूनही काहीच हाती आलं नाही, तर ती वागणूक झाली, आणि ती कागदावर उतरेल.

फोटोबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना ४० फोटो देऊन एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे करायला सांगितलं. फोटो दोनच व्यक्तींचे होते, पण त्यांना न ओळखणाऱ्या लोकांनी सर्वसाधारणपणे सात-आठ गठ्ठे केले. प्रकाश, कोन, अंतर आणि क्षण बदलला की एकच चेहरा इतका बदलतो. ओळखपत्राच्या फोटोत तर बहुतेक माणसं ताठरच दिसतात. यापुढे कुणाचीही निवड करायची असेल तर फोटो शेवटी मागवा, किंवा मागवूच नका.

पतीचा दावा जरा सविस्तर पाहू, कारण तो घरोघरी ऐकू येतो आणि तो करणारी माणसं बहुधा प्रामाणिकपणेच करतात. 'आजवर चुकलो नाही' हे त्यांना कळलं कसं? ज्यांच्यावर त्यांनी विश्वास टाकला त्यांचा अनुभव आला. ज्यांना चेहऱ्यावरून दूर ठेवलं, ती माणसं कशी होती हे कळायची वेळच आली नाही. १८३१ मध्ये 'बीगल' जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय चार्ल्स डार्विनला जवळजवळ नाकारणारच होता, ते त्याच्या नाकामुळे. चेहऱ्यावरून स्वभाव सांगणाऱ्या योहान लाव्हाटर यांच्या विचारांचा फिट्झरॉयवर पगडा होता. अशा नाकाच्या माणसात सफरीला लागणारी उमेद आणि निर्धार असेल का, अशी त्याला शंका होती, असं डार्विननेच पुढे लिहून ठेवलं आहे. सफर जवळपास पाच वर्षं चालली आणि डार्विन शेवटपर्यंत टिकला. फिट्झरॉयचा अंदाज चुकला हे आपल्याला कळलं, कारण डार्विन जहाजावर चढला. त्याला धक्क्यावरूनच परत पाठवलं असतं, तर फिट्झरॉयही आयुष्यभर म्हणू शकला असता की मी माणसं अचूक ओळखतो.

खोटं पकडण्याबद्दल बोलायचं, तर चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात. डोळे मिटून अंदाज केला तरी ५० टक्के बरोबर येतो. चेहऱ्यावरून प्रामाणिकपणा थोडाफार कळतो का, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण जे म्हणतात कळतो, तेही किंचितच म्हणतात. बाबांसारख्या माणसाची जबाबदारी त्या 'किंचित'वर टाकता येणार नाही.

आणि हे नुसतं घरगुती निवडीपुरतं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात खुनासाठी दोषी ठरलेल्या कैद्यांचे फोटो जॉन पॉल विल्सन आणि निकोलस रूल यांनी अशा लोकांना दाखवले ज्यांना त्या खटल्यांबद्दल काहीच माहीत नव्हतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचे चेहरे कमी विश्वासू वाटले त्यांना जन्मठेपेऐवजी मृत्युदंड झालेला असण्याची शक्यता जास्त निघाली. पुढे निर्दोष ठरलेल्या माणसांतही तोच कल दिसला. गुन्हा केलेलाच नव्हता, तरी चेहऱ्याने बाजू बिघडवली होती. हे वाचल्यापासून 'चेहऱ्यावरच लिहिलंय' असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

पतीशी वाद मात्र घालू नका. त्यांना म्हणा, तुमचं मत एका चिठ्ठीवर लिहून ठेवा, आपण बाकीचं सगळं झाल्यावर उघडू. आधी दोघांनी मिळून पाच-सहा प्रश्न ठरवा आणि दोन्ही बाईंना तेच, त्याच क्रमाने विचारा. एकीशी गप्पा आणि दुसरीची उलटतपासणी, असं होऊ देऊ नका. आवडलेल्या चेहऱ्याला आपण नकळत सोपे प्रश्न विचारतो. दुसऱ्या बाईंनी दिलेल्या दोन्ही घरी फोन करा, पण 'कशा आहेत?' असं विचारू नका, त्यावर सगळे 'चांगल्या आहेत' म्हणतात. काम का सुटलं, न सांगता कधी गैरहजर राहिल्या का, एखादा अवघड दिवस कसा निभावला, आणि 'पुन्हा गरज पडली तर त्यांनाच बोलवाल का?' असं विचारा. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा जरा थांबला, तर तेही ऐका.

मग दोघींना पैसे देऊन काही दिवस कामावर बोलवा, आधी एकीला, नंतर दुसरीला, तुमच्यापैकी एक जण घरी असताना. चाचणी आहे हे मोकळेपणाने सांगा. या दिवसांत काय पाहायचं ते नीट सांगतो, कारण इथे अंदाजाला जागाच राहत नाही. बाबांना उठवण्याआधी त्या त्यांना सांगतात का, की न बोलता थेट हात घालतात? उठवताना अधू हात धरून ओढतात का? तसा हात ओढला तर खांद्याला इजा होऊ शकते, आणि ज्याने हे काम नीट केलंय त्याला ते माहीत असतं. खुर्चीत बसवायचं असेल तर खुर्ची चांगल्या बाजूला ठेवतात का? पाणी किंवा घास देण्याआधी त्यांना सरळ बसवतात का, आणि पहिला घोट गिळला जाईपर्यंत थांबतात का? बाबा एक शब्द शोधत असतील तर वाट पाहतात की त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळ्या होतात? एखाद्याचा चेहरा दिवसभर गंभीर राहील आणि या सगळ्या गोष्टी तो अतिशय मायेने करेल. एखादीचं हसू मावळणार नाही आणि हात मात्र घाईचे असतील. उलटही निघू शकेल.

या दिवसांत तुम्हाला एक पथ्य पाळावं लागेल. संशय दिसतो. मार्क स्नायडर, एलिझाबेथ टँके आणि एलेन बर्शीड यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुरुषांना अनोळखी स्त्रियांशी फक्त ऐकू येईल अशा यंत्रावरून बोलायला लावलं. बोलण्याआधी प्रत्येकाला एक फोटो दिला होता, जो त्या स्त्रीचा नव्हताच. आपण सुंदर स्त्रीशी बोलतोय असं ज्यांना वाटलं ते मोकळेपणाने बोलले, आणि पलीकडच्या स्त्रियांचं बोलणंही जास्त जिव्हाळ्याचं झालं. फोटोबद्दल काहीच माहीत नसलेल्या आणि फक्त स्त्रियांचा आवाज ऐकणाऱ्या लोकांनाही तो फरक जाणवला. दुसऱ्या बाईंशी तुम्ही तुटक वागलात तर त्या तुटकच राहतील, आणि तुम्हाला वाटेल की चेहरा खरंच बोलत होता. त्यांना थोडा वेळ द्या, पहिल्या दिवशी स्वतःहून चार शब्द बोला.

आणि बाबा? तुमच्या पूर्ण पत्रात त्यांचं मत कुठेच नाही. त्यांना समजतं सगळं, असं तुम्हीच लिहिलंय. दिवसभर तो चेहरा त्यांना पाहायचा आहे, ते हात त्यांच्या अंगाला लागणार आहेत. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारा, मान हलवून किंवा डाव्या हाताने खूण करून सांगू दे. बाई समोर नसताना, दिवसातून दोनदा, कमी घाईच्या वेळी. या बाई उद्या याव्यात का? आज कुठे दुखलं का? कुणी मोठ्याने बोललं का? एकच प्रश्न थोड्या वेळाने उलटा करून विचारा, म्हणजे 'हो' खरंच 'हो' आहे का ते कळेल. 'ते सांगूही शकणार नाहीत' ही तुमची सगळ्यात मोठी भीती आहे, आणि कुणालाही ठेवलंत तरी ही सवय त्या भीतीवरचा पहिला उपाय आहे. त्यांना एखाद्या व्यक्तीजवळ खरंच बरं वाटत नसेल, तर अनुभव कितीही असला तरी तो नकार समजा.

अशा पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. मुलांना सांभाळायला माणूस शोधत असाल, घर भाड्याने देत असाल, कुणाला नोकरीवर घेत असाल किंवा नवा डॉक्टर निवडत असाल, तरी क्रम हाच ठेवा : आधी प्रश्न ठरवायचे, मग कामाचा नमुना पाहायचा, मग आधीच्या लोकांशी बोलायचं, आणि आपल्याला कसं वाटलं हे शेवटी. आणि ज्यांचा चेहरा मुळातच गंभीर आहे, ज्यांना आयुष्यभर 'रागावलात का?' हा प्रश्न ऐकावा लागलाय, त्यांना माझं सांगणं असं की खोटं हसू आणायच्या फंदात पडू नका. पहिल्या मिनिटात आपला हेतू शब्दांत सांगून टाका. 'मला हे काम आवडतं, मी लक्ष देऊन ऐकते तेव्हा अशी दिसते' एवढं एक वाक्यही समोरच्याला आपला चेहरा नव्याने पाहायला लावतं.

शेवटचं, तुम्ही गृहीत धरलेल्या आणखी एका गोष्टीबद्दल. दोघींपैकी एकच निवडायची असं तुम्ही धरून चालला आहात. दिवसभराची देखभाल एका माणसावर कधीच चालत नाही. त्या आजारी पडतील, सुट्टी घेतील, त्यांच्या घरी अडचण येईल. चाचणीनंतर जिला नियमित ठेवाल तिच्याशी सुट्टीचे दिवस आधीच ठरवून घ्या, आणि दुसरीची चौकशी समाधानकारक झाली असेल तर तिला बदली म्हणून याल का असं स्पष्ट विचारा. पहिल्या बाईंना उद्याच फोन करून आधीच्या घराची माहिती मागा, त्यासाठी आठवड्याची मुदत द्या, आणि तोवर दुसऱ्या बाईंना चाचणीसाठी बोलावून घ्या.